समुद्राखाली उरले किती? वसईच्या नावाचे वायुक्षेत्र आणि साठ्याचा हिशेब

उत्तनच्या पुढे, चौक गावाजवळ, धारावी किल्ल्याचे थोडेफार अवशेष अजून तग धरून आहेत. तेथे उभे राहिले की खाडीच्या मुखापलीकडे वसईचा किल्ला दिसतो. १७३९ च्या मोहिमेत चिमाजी आप्पांच्या फौजेला या दोन्ही किल्ल्यांचे महत्त्व किती वाटत होते, हे इतिहासाच्या पुस्तकात आपण सर्वांनी वाचले आहे. विद्यालयाच्या सहलीत आम्ही विद्यार्थ्यांना तेथे नेतो ते इतिहासासाठीच. परंतु एका सहलीत इतिहास सांगून झाल्यावर आम्ही सहज म्हणालो, की वसईचे नाव पाण्यावरही आहे. इंग्रज ज्याला ‘बसीन’ म्हणत, त्या वसईवरून किनाऱ्यापासून सुमारे ८० किलोमीटर दूर समुद्राखाली असलेल्या एका मोठ्या वायुक्षेत्राचे नाव पडले आहे. त्यावर आठवीतील एका मुलाने विचारले, “सर, त्यात आता गॅस किती उरलाय? आणि तो मोजतं कोण?”

त्या दिवशी आम्ही त्याला दिलेले उत्तर फारसे समाधानकारक नव्हते, हे कबूल केले पाहिजे. हा लेख म्हणजे त्या उत्तराची दुरुस्ती होय. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी काही जण आज रसायन व ऊर्जा उद्योगांत आहेत. त्यांना यातील बरेचसे ठाऊक असेल. पण ज्यांच्या घरी नळीतून आलेल्या वायूवर रोज भाकरी भाजली जाते, अशा पालकांनाही या हिशेबाशी कर्तव्य आहे, असे आम्हांस वाटते.

प्रथम थोडा पूर्ववृत्तान्त. साठच्या दशकात सोव्हिएत संघाच्या जहाजाने मुंबईच्या पश्चिमेस समुद्रतळाचे सर्वेक्षण केले, तेव्हा तळाखालील खडकांचा एक प्रचंड उंचवटा लक्षात आला. १९७४ च्या फेब्रुवारीत जपानमध्ये बांधलेल्या ‘सागर सम्राट’ या तरंगत्या मनोऱ्याने तेथे छिद्र घेतले आणि तेल लागले. किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर दूर असलेले हे क्षेत्र म्हणजे ‘बॉम्बे हाय’, आजचे मुंबई हाय. १९७६ मध्ये तेथून उत्पादन सुरू झाले आणि त्याच वर्षी बसीन क्षेत्राचा शोध लागला. मुंबई हाय मुख्यतः तेलाचे, तर बसीन मुख्यतः वायूचे. बसीनचे उत्पादन १९८८ मध्ये सुरू झाले. तेथील वायूत हायड्रोजन सल्फाइड हा विषारी घटक असल्याने तो समुद्राखालच्या नळाने गुजरातेतील हजिऱ्यास नेला जातो, तेथे स्वच्छ केला जातो आणि मग हजिरा-विजयपूर-जगदीशपूर या दूरवरच्या वाहिनीत सोडला जातो. मुंबई हायचे तेल व वायू उरणला येतात. थळचा खतकारखाना उभा राहिला तो याच पश्चिम समुद्रातील वायूच्या भरवशावर. म्हणजे विदर्भातील एखाद्या पालकाच्या शेतात पडलेली युरियाची गोणी आणि आपल्या शहरातील घरात पेटलेली शेगडी, या दोहोंचे मूळ एकाच समुद्रात सापडू शकते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. जमिनीखाली वायूची पोकळ गुहा असते, ही समजूत आधी मनातून काढून टाकावी लागते. वायू असतो तो खडकाच्या छिद्रांत. बसीनचा खडक चुनखडीचा आहे. साधारणतः चार कोटी वर्षांपूर्वी उथळ उष्ण समुद्रात साचलेला. पुढे काही काळ त्या भागातील पाणी ओसरले, चुनखडी उघडी पडली आणि पावसाच्या पाण्याने ती जागोजागी विरघळली. त्यातून भेगा, खळगे, लहानमोठी छिद्रे तयार झाली. नंतर समुद्र परतला, वर चिकणमातीचे थर बसले आणि त्यांनी झाकणाचे काम केले. वायूच्या दृष्टीने हे उत्तम घर. मोजणाऱ्याच्या दृष्टीने मात्र डोकेदुखी. कारण पावसाने चुनखडी सर्वत्र सारखी खात नाही. एका विहिरीत छिद्रांनी भरलेला खडक लागतो, तर थोड्याच अंतरावरील दुसऱ्या विहिरीत तोच थर घट्ट निघतो.

मुंबई हायमध्ये गुंतागुंत निराळ्या प्रकारची. तेथील मुख्य थर एकसंध नसून पातळ चुनखडी आणि पातळ शेल यांची चळत आहे. शिवाय शेलने भरलेल्या एका प्राचीन प्रवाहमार्गाने त्या क्षेत्राचे उत्तर व दक्षिण असे दोन भाग केले आहेत. सर्वांत खाली आहे तो प्राचीन कठीण पायाखडक, आणि त्यावर काही ठिकाणी आपल्या सह्याद्रीचाच भाऊबंद असलेला दख्खनचा काळा पाषाण. या कठीण खडकांतही भेगांच्या आधाराने काही ठिकाणी तेल सापडले आहे. ज्या जातीचा दगड आपण पायऱ्यांना आणि पाट्यावरवंट्याला वापरतो, त्याच्या भेगांतून तेल यावे, याचे आम्हांला अजून नवल वाटते.

अशा खडकातील वायू मोजण्याची पहिली रीत भूमितीची आहे. क्षेत्रफळ गुणिले थराची जाडी, गुणिले सच्छिद्रता, गुणिले छिद्रांतील वायूचा हिस्सा (कारण उरलेल्या छिद्रांत पाणी असते), आणि शेवटी खोलवरच्या दाबातून वर आल्यावर वायू किती पट फुगतो तो आकडा. शाळेतील घनफळाच्या गणिताहून यात अधिक काही नाही. एक काल्पनिक क्षेत्र घेऊ. क्षेत्रफळ १०० चौरस किलोमीटर, जाडी २० मीटर, सच्छिद्रता २० टक्के, त्यांत वायूचा हिस्सा ७० टक्के, फुगवटा २०० पट. उत्तर येते ५,६०० कोटी घनमीटर.

आता याच आकड्यांत थोडी शंका घेऊ. क्षेत्रफळ १०० ऐवजी ९० असेल, जाडी १६ मीटर, सच्छिद्रता १६ टक्के आणि वायूचा हिस्सा ६० टक्के. एकेका बाबतीत चूक किरकोळच वाटते; पण गुणाकार केल्यावर उत्तर २,७६५ कोटींच्या आसपास, म्हणजे निम्म्याहून कमी, येते. उलट बाजूने ११० चौरस किलोमीटर, २४ मीटर, २४ टक्के व ७५ टक्के धरले तर तेच क्षेत्र ९,५०० कोटींपर्यंत जाते. गुणाकारात चुका एकमेकींना धरून चालतात. आणि हे आकडे मिळतात कोठून? समुद्राच्या पृष्ठभागावरून सोडलेल्या ध्वनिलहरींच्या परतलेल्या प्रतिध्वनींतून, आणि काही मोजक्या विहिरींत उतरवलेल्या उपकरणांतून. विहिरीचा व्यास वीतभर. तिच्या आधाराने बोलायचे ते कित्येक चौरस किलोमीटरांविषयी.

उत्तनचे कोळी बांधव या ध्वनिलहरींच्या सर्वेक्षणाला चांगलेच ओळखतात. सर्वेक्षणाचे जहाज मागे लांबच लांब दोर ओढत फिरते, त्या काळात त्या पट्ट्यात जाळी टाकता येत नाहीत, आणि हंगाम बुडाल्याच्या तक्रारी किनारपट्टीवर अनेक वर्षे ऐकू येत आल्या आहेत. साठ्याच्या आकड्यासाठी कोणी तरी किंमत मोजत असते, ती सगळीच कंपनीच्या ताळेबंदात दिसते असे नाही.

अशा अनिश्चिततेमुळे जाणते भूवैज्ञानिक एकच आकडा सांगत नाहीत. संगणकाकडून प्रत्येक बाबीचे हजारो संभाव्य आकडे उचलून हजारो वेळा गुणाकार करून घेतात आणि उत्तरांची एक पट्टी मांडतात: एवढा वायू तर नव्वद टक्के खात्रीने आहेच, एवढा असण्याची शक्यता निम्मी-निम्मी, आणि एवढा असण्याची शक्यता दहाच टक्के. यावरूनच साठ्यांची सिद्ध, संभाव्य आणि शक्य अशी वर्गवारी होते. शिवाय ‘खडकात आहे तो’ वायू आणि ‘काढता येईल तो’ वायू हे दोन वेगळे आकडे असतात. वर्तमानपत्राच्या मथळ्यात बहुधा यांतील सर्वांत मोठा आकडा छापला जातो, आणि वाचकाने सावध व्हावे ते तेथेच.

गावाकडे विहीर खणण्याआधी पाणाड्याला बोलावण्याची चाल आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहे. तळहातावर नारळ उभा राहिला की पाणी ‘आहे’. पाणी लागले तर पाणाड्याची कीर्ती, न लागले तर शेतकऱ्याचे नशीब. भूवैज्ञानिकाचा अंदाजही चुकतो, पुष्कळदा चुकतो. पण आपला अंदाज किती चुकू शकेल हे तो आधीच लिहून ठेवतो, आणि नंतर लोकांसमोर तो आकडा पडताळता येतो. हा फरक मुलांना समजावा म्हणून आम्ही वर्गात हे उदाहरण मुद्दाम देतो.

दुसरी रीत उत्पादन सुरू झाल्यावरच वापरता येते, आणि ती आम्हांला अधिक सुंदर वाटते. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा किती आहे हे न उघडता कसे सांगाल? थोडी हवा सोडा, सोडलेली हवा मोजा आणि दाब किती उतरला ते पाहा. समजा, क्षेत्राचा मूळ दाब २०० एकक होता. ५०० कोटी घनमीटर वायू काढल्यावर तो १८० वर आला. दाबाचा दहावा हिस्सा गेला, त्या अर्थी वायूचाही दहावा हिस्सा गेला; म्हणजे मूळचा साठा ५,००० कोटी आणि उरला ४,५०० कोटी. प्रत्यक्षात एवढ्या दाबाखाली वायू पुस्तकी नियम तंतोतंत पाळत नाही, म्हणून एक दुरुस्ती करावी लागते. पण तत्त्व हेच. यात क्षेत्रफळ नको, जाडी नको, सच्छिद्रता नको. खडक स्वतःच आपला हिशेब देतो.

येथे पालकांपैकी कोणी म्हणेल, की घरच्या सिलिंडरचे तसे नसते. तो अखेरपर्यंत जोमाने जळतो आणि नेमका पाहुणे आल्यावर संपतो. निरीक्षण अगदी बरोबर आहे. सिलिंडरमध्ये असतो तो एलपीजी, म्हणजे प्रोपेन व ब्युटेन, आणि तो आत द्रवरूपात असतो. द्रव शिल्लक असेपर्यंत वरचा दाब जवळजवळ तोच राहतो, म्हणून सिलिंडरचा अंदाज दाबावरून नव्हे, वजनावरून घ्यावा लागतो. नळीतून येतो तो नैसर्गिक वायू मुख्यतः मिथेन; तो खडकात वायुरूपातच असतो, म्हणून त्याच्या बाबतीत दाब बोलतो.

पण गुंतागुंतीच्या क्षेत्रात दाबही दिशाभूल करतो, आणि तीही दोन विरुद्ध दिशांनी. वायूच्या खाली बहुधा खारे पाणी असते. वायू निघाला की ते वर सरकते आणि रिकामी जागा भरते. मग दाब उतरावा तेवढा उतरत नाही. वरच्या उदाहरणात तो १८० ऐवजी १९० वर थांबला, तर भोळा हिशेब सांगेल, साठा १०,००० कोटी! साठा दुप्पट झालेला नसतो. पाणी आत आलेले असते. आणि हे पाणी केवळ फसवून थांबत नाही. ते वायूचे लहान लहान कण छिद्रांत कोंडून टाकते आणि एक दिवस विहिरीत वायूऐवजी पाणीच येऊ लागते. पाणी न शिरलेल्या क्षेत्रातून साधारणपणे तीन चतुर्थांश किंवा त्याहून अधिक वायू काढता येतो. पाणी जोरात शिरले तर पुष्कळ कमी.

दुसरी दिशाभूल खडकांच्या तुटलेपणाची. मराठवाड्यातील आमच्या पालकांना हे सांगावे लागू नये. एकाच शिवारात दोन बोअर. एकाला चार इंच पाणी, पन्नास पावलांवरच्या दुसऱ्याला नुसती धूळ. कधी उलटही घडते: शेजाऱ्याने खोल बोअर घेतले आणि आपले आटले. काळ्या पाषाणातील कोणती भेग कोणत्या भेगेला मिळाली आहे, यावर सगळा खेळ. वायुक्षेत्रातही प्रस्तरभंगांनी आणि शेलच्या भिंतींनी कप्पे पडतात. दाब मोजला जातो तो फक्त विहिरीशी जोडलेल्या कप्प्याचा. शेजारच्या बंद कप्प्यातील वायूचा त्याला पत्ताच नसतो. म्हणून भूमितीचा आकडा मोठा आणि दाबाचा आकडा लहान, अशी तफावत आली की तज्ज्ञांपुढे प्रश्न उभा राहतो: वायू नाहीच, की आहे पण आपल्या विहिरींना मिळत नाही? पहिल्या उत्तराने क्षेत्र सोडून द्यावे लागते, दुसऱ्याने नव्या विहिरी खणाव्या लागतात. दोन्हींत खर्च हजारो कोटींचा.

या प्रश्नाची सर्वांत बोलकी कथा मात्र पूर्व किनाऱ्यावर घडली, आणि तिचे चटके महाराष्ट्राला बसले. कृष्णा-गोदावरी खोऱ्यासमोरच्या खोल समुद्रात केजी-डी६ या गटात २००२ मध्ये वायू सापडला. तेथील खडक म्हणजे समुद्रतळावरून वाहिलेल्या प्राचीन गाळप्रवाहांच्या वाळूच्या वळणावळणाच्या पट्ट्या. ध्वनिलहरींच्या चित्रात त्या एकमेकींना जोडलेल्या भासतात. प्रत्यक्षात त्या कितपत जोडलेल्या आहेत हे वायू काढू लागल्यावरच कळते. तेथील दोन मुख्य क्षेत्रांतून काढता येण्याजोगा साठा आरंभी सुमारे १० लाख कोटी घनफूट मानला गेला आणि दिवसाला ८ कोटी घनमीटर उत्पादनाचा आराखडा मंजूर झाला. २००९ च्या एप्रिलमध्ये उत्पादन सुरू झाले, पुढच्या वर्षी ते दिवसाला ६ कोटी घनमीटरांच्या पुढे गेले, आणि मग घसरू लागले. दाब अपेक्षेपेक्षा वेगाने उतरला. विहिरींत पाणी आणि वाळू शिरली. २०१३ पर्यंत उत्पादन दीड कोटीच्या आसपास आले होते. काढता येण्याजोग्या साठ्याचा सुधारित अंदाज मूळच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्यावर आला. ठरल्याइतक्या विहिरी खणल्या नाहीत म्हणून उत्पादन घटले, असे सरकारचे म्हणणे. खडकच अपेक्षेहून वेगळा निघाला, असे रिलायन्स कंपनीचे. वाद लवादापर्यंत गेला.

या क्षेत्राच्या शेजारीच ओएनजीसीचे गट होते. २०१५ मध्ये डीगोलियर अँड मॅकनॉटन या अमेरिकी सल्लागार संस्थेने दोन्ही बाजूंचे साठे भूगर्भात जोडलेले असल्याचा निष्कर्ष दिला, आणि शेजाऱ्याच्या बोअरने आपले पाणी ओढल्याचे जुने भांडण लवाद आणि उच्च न्यायालयाच्या दरबारी पोहोचले. नकाशावर आखलेली हद्द खडकाला ठाऊक नसते.

आता महाराष्ट्राला बसलेला चटका. रत्नागिरी जिल्ह्यातील दाभोळचा १,९६७ मेगावॅटचा वीजप्रकल्प, एन्रॉनच्या पतनानंतर नव्या कंपनीकडे आलेला, याच केजी-डी६ वायूच्या भरवशावर पुन्हा चालू करण्यात आला होता. वायू आटला आणि २०१३ मध्ये वीजनिर्मिती ठप्प झाली. २०१५ च्या अखेरीस रेल्वेला वीज देण्यासाठी त्याचा काही भाग पुन्हा सुरू झाला. यंत्रे शाबूत, कामगार हजर, वीज हवी असलेले लोकही होते. नव्हता तो फक्त कागदावर लिहिलेला वायू. साठ्याच्या अंदाजावर कारखाने, कर्जे, नोकऱ्या आणि गावे उभी राहतात, तेव्हा त्या अंदाजापुढे लिहिलेल्या शक्यतेच्या टक्क्यांकडे कोणी पाहत नाही. त्या खोऱ्याची गोष्ट तेथे संपली नाही, हेही सांगितले पाहिजे. जुनी दोन क्षेत्रे २०२० च्या आरंभी बंद झाली, पण त्याच गटातील नव्या क्षेत्रांतून त्या वर्षाच्या अखेरीपासून पुन्हा उत्पादन सुरू झाले आणि आज ते देशाच्या वायूचा मोठा हिस्सा पुरवते. निराशेचा अंदाजही आशेच्या अंदाजाइतकाच तपासून घ्यावा लागतो.

मुंबई हायच्या बाबतीत तसेच घडत आले आहे. हे क्षेत्र म्हातारे झाले, असे आम्ही तरुणपणापासून ऐकत आहो. ऐंशीच्या दशकातील बहराच्या मानाने आजचे उत्पादन पुष्कळ खाली आहे, हे खरे. परंतु या शतकाच्या आरंभापासून तेथे पुनर्विकासाची कामे झाली. जुन्या विहिरींतून आडवी छिद्रे घेऊन न गवसलेल्या थरांपर्यंत पोहोचण्याचे प्रयत्न झाले. २०२५ च्या जानेवारीत ओएनजीसीने या क्षेत्राचे उत्पादन वाढविण्यासाठी बीपी या ब्रिटिश कंपनीची दहा वर्षांसाठी तांत्रिक सेवादार म्हणून निवड केली. पन्नास वर्षांच्या उत्पादनाचा आणि दाबाचा तपशील आज हाती आहे. संगणकात त्या क्षेत्राची प्रतिकृती उभी करायची, तिच्यातून पन्नास वर्षांचा इतिहास पुन्हा ‘घडवून’ पाहायचा, आणि तो जुळला तरच भविष्य विचारायचे, अशी ही तिसरी रीत आहे. तिचाही एक धोका आहे: चुकीच्या प्रतिकृतीतूनही इतिहास जुळवता येतो. गणिताच्या वहीत उत्तर आधी पाहून मधल्या पायऱ्या बसवणारे विद्यार्थी आम्हांला चांगले ठाऊक आहेत.

हे आकडे काढणारे आणि वायू वर आणणारे लोक तेथे पोलादी मंचांवर दिवसरात्र राहतात, याची आठवण येथे ठेवावीशी वाटते. २७ जुलै २००५ रोजी, मुंबई पाण्याखाली असतानाच, मुंबई हायच्या उत्तर मंचावर एक जहाज आदळले, आग लागली आणि २२ जणांचे प्राण गेले. शहरावरच्या प्रलयाच्या बातम्यांत ती बातमी काहीशी मागे पडली.

तर त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर असे: मोजतात भूवैज्ञानिक आणि अभियंते, एकाच नव्हे तर अनेक रीतींनी; आणि उत्तर एका आकड्याचे नसून पट्ट्याचे असते. वर्गात हे सांगितले तेव्हा त्याने आणखी विचारले, की शेवटी सगळा वायू काढून झाला की खाली काय उरते?

सगळा कधीच निघत नाही. दाब उतरत जातो, वर यंत्रे बसवून ओढून घ्यावा लागतो, आणि ओढण्याचा खर्च वायूच्या किमतीहून जास्त होतो तेव्हा विहिरी सिमेंटने बंद करतात. मागे उरतो तो कमी दाबाचा वायू, वर सरकलेले खारे पाणी आणि वरच्या थरांच्या वजनाखाली थोडा दबलेला खडक. नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन हे १९५९ मध्ये सापडलेले युरोपातील सर्वांत मोठे वायुक्षेत्र. तेथे हा दबलेला खडक हादरू लागला, २०१२ मध्ये ३.६ तीव्रतेचा भूकंप झाला, हजारो घरांना तडे गेले. लोकांच्या दीर्घ लढ्यानंतर ऑक्टोबर २०२३ मध्ये तेथील नियमित उत्पादन थांबले आणि २०२४ मध्ये ते क्षेत्र कायद्याने कायमचे बंद झाले. तेथे अजून बराच वायू शिल्लक आहे, तो किती हेही नीट मोजलेले आहे, आणि तो तेथेच राहणार आहे.